आबा खाकरले की रेघ हलायची

माझी सगळी नोकरी लोकांना गप्प बसवण्यात गेली. धुळ्याच्या एका इस्पितळात मी मेंदूचा आलेख काढायचे. कुणाला फिट येते, कुणी उभ्या उभ्या हरवल्यासारखं होतं, कुणी झोपेत झटके देतं, अशी माणसं डॉक्टर माझ्या खोलीत पाठवायचे. मी त्यांच्या डोक्यावर तारा चिकटवायचे आणि तीच ती वाक्यं म्हणायचे. डोळे मिटा. दात सैल सोडा. बोलू नका. गिळू नका. काही विचार करू नका. शेवटचं वाक्य ऐकून एक मास्तर घाबरून उठून बसले होते. "बाई, ते कसं करायचं असतं?" म्हणून विचारत होते. मलाही ते आजवर जमलेलं नाही, पण त्यांना मी तसं सांगितलं नाही.

गप्प का बसवायचं, तेही सांगते. मेंदूत सारखी बारीक वीज खेळत असते. कवटीतून, केसांतून ती आमच्या तारेपर्यंत पोचते तेव्हा घड्याळातल्या सेलच्या मानाने कित्येक हजार पटींनी कमी उरलेली असते. त्यामानाने माणसाचा जबडा म्हणजे पहिलवान. पापणी मिटली तरी कागदावर डोंगर उभा राहतो. दात आवळले की रेघेचं झुडूप होतं. म्हणून मेंदू बघायचा तर बाकीचा माणूस शांत करावा लागतो. त्या कामात मी इतकी तरबेज झाले होते की घरी नवऱ्यानेही एकदा हात जोडून सांगितलं, इथे माझं तोंड चालू असू दे.

अशा बाईला निवृत्तीनंतर डॉक्टर तन्वीने फोन केला. पुण्याची मुलगी, वयाने माझ्या लेकीएवढी, जळगावच्या एका संस्थेत मेंदूवर संशोधन करायला आलेली. म्हणाली, "अक्का, आम्हाला दोन माणसांचा आलेख काढायचाय. एकाच वेळी. समोरासमोर बसवून, बोलतं ठेवून."

मी म्हटलं, "अगं, त्यात मेंदू सोडून बाकी सगळं दिसेल."

"म्हणून तर तुम्ही हव्यात," ती म्हणाली. मग काय, धुळ्याहून जळगावला आले आणि खोली घेऊन राहिले.

यामागचा विचार सरळ आहे. इतकी वर्षं आम्ही मेंदू एकटा तपासत आलो. पण माणसाचा मेंदू दिवसभर एकटा असतो कुठे? तो कुणाचं तरी ऐकत असतो, कुणाला तरी उत्तर देत असतो, समोरच्याच्या भुवईवरून अंदाज बांधत असतो. तेव्हा दोघांना दोन टोप्या घालायच्या, दोन्ही यंत्रं एकाच घड्याळाला बांधायची आणि बघायचं की एक बोलतो, दुसरा ऐकतो, तेव्हा दोघांच्या लहरींचे चढउतार एकमेकांशी जुळत जातात का. काही वेळा जुळतात. मात्र अनोळखी दोन माणसांना एकच गाणं ऐकवलं तरी थोडं जुळतं, कारण दोघांच्या कानावर तेच पडतंय. त्यामुळे मध्ये पडदा लावून बघायचं, जोड्या बदलून बघायचं आणि इतकं सगळं करून "कदाचित" म्हणायचं. या धंद्यात "कदाचित" हा शब्द मला फार उशिरा शिकायला मिळाला. इस्पितळात तो कुणी ऐकून घेत नाही.

आमच्याकडचे लोक डोक्याला तेल लावून येतात, हे तन्वीला पहिल्या आठवड्यात कळलं. फोनवर "केस धुऊन या" सांगितलं की केस धुतात आणि मोठ्या ठिकाणी जायचं म्हणून वरून चांगलं चापून तेल लावतात. तेलावर तार बसत नाही. मग संस्थेतच गरम पाणी, शाम्पू आणि टॉवेल ठेवले. दुसरी अडचण अंबाड्याची. बाहेरून आलेल्या त्या टोप्यांना अंबाडा माहीतच नव्हता. आमचा इरफान, यंत्रं सांभाळणारा इंजिनिअर, नशिराबादचा. त्याचे अब्बा शिवणकाम करतात. त्यांनी टोपी उलटसुलट करून पाहिली, मागे एक गोल भोक कापून इलॅस्टिक लावून दिलं आणि विचारलं, हे घालून माणूस झोपतो की लग्नाला जातो.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची आली. खापरावर मांडे करणाऱ्या दोघी मैत्रिणी आल्या. एक हातावर मांडा फिरवणारी, दुसरी खापरावर शेकणारी. तन्वीला त्यांच्याकडून मोठी आशा होती. त्या तास दीड तास इतक्या बोलल्या की दोघींच्या जबड्यांनी सगळी नोंद खाऊन टाकली. धुळ्याचे एक गृहस्थ मुलगा आणि सांगून आलेली मुलगी अशा दोघांना घेऊन आले. पत्रिका जुळली, आता मेंदू जुळतो का बघा, म्हणाले. हे यंत्र ते सांगत नाही, हे मी त्यांना समजावत होते, तेवढ्यात त्या मुलीने मुलाला स्वतःचा चहा स्वतः करतोस का म्हणून विचारलं. तो बापाकडे बघायला लागला. टोपी न घालताच ती मुलगी उठली.

पण मला सांगायचंय ते आबांचं आणि मंगलचं.

तन्वीला नाना नात्यांच्या जोड्या हव्या होत्या. नवरा-बायको, भाऊ-भाऊ, मैत्रिणी आणि सासरा-सून. शिरपूरकडच्या एका गावातून आबा आणि त्यांची धाकटी सून मंगल आले. आबा कापूस पिकवणारे, उंच, पांढरीशुभ्र टोपी, खांद्यावर उपरणं, डोळ्यांत मिस्कीलपणा. मंगलचा नवरा एसटीत, तो कायम बाहेर. घर ही दोघं सांभाळायची. तन्वीने नियमाप्रमाणे विचारलं, "तुम्ही एकमेकांशी रोज बोलता ना?"

"रोज बोलतस," मंगल अहिराणीत म्हणाली. आबांनीही मान हलवली.

दोघांना समोरासमोर बसवलं. खेळ असा की एकाला चित्र दिसतं आणि त्याने दुसऱ्याला शब्दांत सांगून तेच चित्र उचलायला लावायचं. आबांना चष्म्याचं चित्र दिसलं. त्यांनी ते पाहिलं, मग छताकडे नजर लावली आणि मला म्हणाले, "बाई, सूनबाईले सांगा, चष्मा उचल म्हना."

मी म्हटलं, "आबा, तुम्हीच सांगा. ती समोर बसलीय."

"सांगी ऱ्हायनू ना," आबा म्हणाले, अजून छताकडेच बघत.

मंगलची पाळी आली तर तिने मान खाली घातली, पदर पुढे ओढला आणि म्हणाली, "अक्का, त्यासले सांगा, तांब्या शे."

तन्वीने माझ्याकडे बघितलं. माझी मात्र हसून पुरेवाट झाली होती. आमच्याकडे जुन्या घरांत सून सासऱ्याशी तोंडाला तोंड देऊन बोलत नाही. जेठाशी, म्हणजे थोरल्या दिराशीही नाही. बोलायचं ते तिसऱ्याला सांगून. घरात तिसरं कुणी नसलं तर भिंतीला, गायीला, चुलीला सांगून. आणि म्हणून त्यांचं "रोज बोलतस" हे शंभर टक्के खरं होतं. या रीतीचा दुसरा अर्धा भाग म्हणजे खाकरणं. सासरा दारात आला की घसा खाकरतो, म्हणजे आतल्या बायकांनी पदर सावरावा. माझ्या सासऱ्यांच्या खाकरण्याने माझ्या हातातून किती भांडी पडली असतील. मला ही रीत कधीच आवडली नाही, आजही आवडत नाही. स्वतःच्या घरात माणसाने दचकत का राहायचं?

असो. ते झाल्यावर पडदा लावून, दोघांना काही न बोलता नुसतं बसवून एक नोंद घेतली. संध्याकाळी तन्वी ती बघत बसली आणि एकदम खुर्चीवरून उठली. आबांच्या आलेखात एक धक्का दिसायचा, आणि क्षणभरात मंगलच्या आलेखात त्याहून मोठा. पुन्हा आबा, पुन्हा मंगल. मध्ये पडदा, शब्द एक नाही, तरी दर वेळी तेच. तन्वीने पुण्याला आपल्या सरांना फोन लावला. सर म्हणाले, आधी व्हिडिओ बघ.

व्हिडिओत आबा आरामात बसलेले. अधूनमधून घसा खाकरत होते. पडद्यापलीकडे ते खाकरले रे खाकरले की मंगलचा हात वर जायचा आणि टोपीवरून पदर पुढे ओढायचा. त्यात तारा हलायच्या. तन्वीने ते दोनदा पाहिलं, मग स्टुलावर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "अक्का, मी हे जगाला सांगायला निघाले होते."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांना तो व्हिडिओ दाखवला. मंगल लाजून लाल झाली. "मी नही करस, हातच जास," म्हणाली. आबांनी मात्र पुन्हा पुन्हा लावायला सांगितला. मग माझ्याकडे वळून, "म्हनजे मना खोकला मशीनले दिसना," असं म्हणून, आपला खोकला यंत्राला दिसला या आनंदात ते इतके हसले की खरा खोकला लागला, आणि मंगलचा हात पुन्हा वर गेला. शेवटी तिचा पदर चिमट्यांनी पक्का केला, हात वर जाऊ नये म्हणून दोन्ही हातांत बटणांची पेटी धरायला दिली आणि नोंद घेतली. जाताना आबा दारात थांबले. मंगल पुढे होती. त्यांनी मला डोळा मारला आणि मुद्दाम एकदा खाकरले.

त्यानंतर काही महिन्यांनी मंगलचा फोन आला. "अक्का, आबासनी वाचा गई."

अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू लुळी, तोंडातून शब्द नाही. हळूहळू आधार घेऊन उठायला लागले होते, डाव्या हाताने जेवत होते, पण बोलणं गेलं ते गेलं. इस्पितळात एका तरुण मुलीने त्यांना काही कळतंय का ते तपासलं. आबा, नाकाला हात लावा. आबा, पंखा दाखवा. आबांनी डोळे मिटून घेतले. त्यावरून सगळ्यांचं म्हणणं पडलं की समजही गेली असावी. मोठा मुलगा, दिलीपभाऊ, सुरतेला कापडाच्या गिरणीत आहे. तो आबांना कायमचं तिकडे न्यायचं म्हणत होता. तिथे अशा रुग्णांना सांभाळणारी चांगली जागा आहे, दिवसभर देखरेख असते.

"त्यासले बठ्ठं समजस," मंगल म्हणाली, म्हणजे त्यांना सगळं कळतं. "वाचा गई, समज नही गई. पन मनं कोन ऐकी? तुमन्या मशीनमा दिसी ना?"

मी तिला खरं ते सांगितलं. या यंत्रात समज दिसत नाही. मन दिसत नाही. दोन रेघा दिसतात, त्याही धड दिसल्या तर. तिने ते ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तरी येतस."

मी तन्वीला विचारलं. तिनेही विचार करून सांगितलं, "येऊ दे. पहिली नोंद आहे आपल्याकडे, दुसरी घेऊ. पण निकाल देणार नाही. हे त्यांना आधीच सांगायचं." तसं मी सांगितलं. त्यांच्या डॉक्टरांचीही परवानगी घेतली. एवढ्या लांबून येणार, टोप्या घालणार आणि आम्ही म्हणणार "कदाचित".

दिलीपभाऊ स्वतः गाडी करून घेऊन आले. मी मनातून त्यांच्यावर रागावलेली होते, पण माणूस बघितल्यावर राग टिकला नाही. बापाला गाडीतून उतरवताना ते इतक्या हळुवार हाताने धरत होते. "अक्का, मला काय हौस आहे का यांना न्यायची," म्हणाले. "पण यांना पाहिजे काय, तेच कुणाला कळत नाही. भूक लागली, दुखलं, कसं सांगणार? मला सुरतेत झोप येत नाही."

पहिल्यांदा तेच आबांसमोर बसले. तन्वी म्हणाली, मुलालाही संधी मिळायला हवी. आबांना चित्र दिसलं. भाऊ पुढे वाकून मोठमोठ्याने विचारायला लागले. "आबा, हाई काय शे? कप शे का? पंखा शे का? आबा, मनाकडे दखा." आबांनी थोडा वेळ मुलाकडे बघितलं, ओठ हलवले, त्यातून काहीच निघालं नाही. मग त्यांनी डोळे मिटून घेतले. भाऊंनी रुमाल काढला आणि चष्मा पुसत खिडकीशी जाऊन उभे राहिले.

मंगल येऊन बसली. तिने स्वतःच मला सांगितलं, पडदा लावा. समोर बसवून काही उपयोग नाही, हे तिला आमच्यापेक्षा आधी माहीत होतं. तिच्या पदराला चिमटे लावले, हातात चित्रांच्या पाट्या दिल्या.

आबांना कप-बशी दिसली. ते थोडा वेळ बघत राहिले. मग खाकरले. आखूड, दोनदा. पलीकडून मंगलने कप-बशीची पाटी वर केली.

पंख्याचं चित्र आलं. लांब, खालून वर जाणारं खाकरणं. मंगलने पंखा उचलला. तांब्या. चष्म्याला दोन टप्प्यांचं, मध्ये अडखळणारं. बॅटरी. घरात ज्याची ज्याची गरज पडते त्या प्रत्येकाला आबांचा वेगळा घसा होता. दिलीपभाऊ खिडकीपासून एकेक पाऊल पुढे येत होते. विमानाचं चित्र आलं तेव्हा आबा बराच वेळ गप्प बसले, मग काहीतरी गुरगुरले, आणि मंगलने पाट्या चाळून म्हैस वर केली.

"चुकलं," इरफान हळूच म्हणाला.

"विमान त्यासनी कधी मांगं नही," मंगल म्हणाली.

मला इथे काय वाटलं ते सांगूनच टाकते. ज्या रीतीला मी आयुष्यभर नावं ठेवली, त्याच रीतीने या दोघांना शब्दांवाचून राहायची सवय लावून ठेवली होती. बोलणाऱ्या मुलाचं बापाशी बोलणं तुटलं, आणि कधीच न बोललेल्या सुनेचं चालू राहिलं. रीत मला अजूनही नको आहे. पण माझ्या सासऱ्यांचं खाकरणं मी नुसतं दचकून ऐकलं, लक्ष देऊन कधी ऐकलं नाही, याचं त्या खोलीत वाईट वाटलं.

तरी भाऊंचा प्रश्न राहिलाच होता. "हे ती ओळखते, खरं आहे," ते म्हणाले. "पण आपण बोललेलं आबांना कळतं का?" प्रश्न रास्त होता. तन्वी म्हणाली, मग उलटं करून बघू. आता चित्र मंगलला दिसणार, पाटी आबा उचलणार. डाव्या हाताजवळ पाट्या मांडल्या. "मंगलताई, तुम्ही बोलू शकता," तन्वीने सांगितलं. "पण अक्का मध्ये काही बोलणार नाहीत."

मंगलला चष्मा दिसला. तिने सवयीने माझ्याकडे पाहिलं. मी ओठ मिटून उभी. तिने भिंतीकडे पाहिलं. भिंतीला सांगेल असं मला वाटलं. तिने पदराला हात घातला, चिमटे होते. तोंड उघडलं, मिटलं. मोठी मुश्कील झाली होती तिची. पलीकडे आबा वाट बघत होते.

आणि मंगल खाकरली.

अगदी आबांसारखी. चष्म्याचं ते दोन टप्प्यांचं खाकरणं, हुबेहूब.

आबांचे डोळे मोठे झाले. चेहऱ्याची एकच बाजू हलत होती, पण ती सगळी हलली. त्यांचा डावा हात पाट्यांकडे गेला आणि वाटेतच थांबला. मग त्यांनी खांद्यावरचं उपरणं ओढलं, डोक्यावरच्या तारांच्या टोपीवर घेतलं आणि नव्या सुनेसारखं कपाळापर्यंत पुढे ओढून मान खाली घातली.

संगणकावरच्या सगळ्या रेघा एकदम विस्कटल्या. इरफान नोंद थांबवायला वाकला. "राहू दे चालू," तन्वी म्हणाली.

उपरण्याखालून आबा हसत होते. आवाज फारसा येत नव्हता, खांदे हलत होते. मग त्याच अवतारात त्यांनी डाव्या हाताने चष्म्याची पाटी उचलून भाऊंपुढे धरली.

दिलीपभाऊ पुढे झाले आणि बापापुढे खाली बसले. या वेळी ते ओरडून बोलले नाहीत. "आबा," ते म्हणाले, "तुमले सुरतले येनं शे का?"

आबांनी उपरणं खाली घेतलं, मुलाकडे नीट पाहिलं आणि एकदाच खाकरले. कोरडं, तुटक. भाऊंना ते कळलं नाही. त्यांनी पडद्याकडे बघितलं. पडद्यापलीकडे मंगल मान खाली घालूनच बसली होती. भाऊ तिचे जेठ.

"अक्का," ती म्हणाली, "भाऊसले सांगा, आबा नही म्हनतस."

भाऊंनी ते ऐकलंच होतं, चार हातांवर तर होते. तरी मी त्यांना सांगितलं, "आबा नाही म्हणताहेत."

भाऊंनी बापाचा डावा हात हातात घेतला. मग मान वर न करता मला म्हणाले, "तिला सांगा, राहू दे मग घरीच. मीच येत जाईन."

मी तिलाही सांगितलं.